५८० माणसं आणि राजा एकही नाही?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे : केनियात तुर्काना सरोवराकाठी पाच हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचं मोठं दगडी स्मशान सापडलं, त्यात किमान ५८० माणसं पुरलेली आहेत आणि त्यांच्यात कुणी राजा-सरदार नव्हता, असं वर्गात शिकवण्यासाठी वाचलंत. मग घरदार नसलेल्या भटक्या लोकांनी हे बांधलं कसं? राजा नव्हता हे हाडांवरून कळतं कसं? आणि तिथले दगडी खांब तारे बघायला उभारले होते, हे खरं का?

आधी माझी बाजू सांगून टाकते. हे स्मशान आहे त्या लोथागमला मी खणलेलं नाही. माझं काम माणसांच्या हाडांचं. विदर्भातल्या शिळावर्तुळांपासून, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या प्राचीन दफनांपासून, सुरुवात झाली आणि वीसेक वर्षं उत्खननातून आलेली हाडं निवडण्यात, जुळवण्यात, मोजण्यात गेली. लोथागमच्या चमूने जे प्रसिद्ध केलंय ते त्या नजरेने वाचलेलं आहे. माझं मत असं, की मोठं काम उभं करायला राजा लागत नाही, हे या जागेने नीट दाखवलंय. पण ‘सगळे समान होते’ हे वाक्य मी वर्गात इतक्या सहज म्हणणार नाही. कारण त्या ५८०च्या आकड्यातच आहे, त्याच्याकडे येतेच.

जागा डोळ्यांसमोर आणा. केनियाच्या वायव्य कोपऱ्यातलं रखरखीत रान, दोन डोंगरधारांच्या मधली खोलगट पट्टी. लोथागम हे नाव जीवाश्म शोधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं, कारण याच धारांमध्ये ५० लाख वर्षांहून जुने अवशेष मिळालेत. आपली गोष्ट त्या मानाने कालची. आज सरोवर तिथून दूर आहे, पण एके काळी पाणी या धारांपर्यंत होतं. सहारा हिरवा असण्याच्या काळात, म्हणजे साधारण साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, तुर्काना काठोकाठ भरून नाईलच्या खोऱ्याकडे सांडायचं. काठावरचे लोक हाडाचे दातेरी भाले वापरून मासे मारायचे. मग पाऊस हटला. पुढच्या काही शतकांत पाणी पन्नासएक मीटर खाली उतरलं. उथळ काठाच्या सरोवरात पन्नास मीटर म्हणजे किनारा मैलोनमैल सरकला. आजोबांनी जिथे जाळं टाकलं तिथे नातू शेळ्या चारतोय, अशी अवस्था.

शेळ्या म्हटलं, त्या नेमक्या याच वेळी तिथे आल्या. शेळी-मेंढीचे रानटी पूर्वज आफ्रिकेत नव्हते. ती जनावरं पश्चिम आशियातून ईशान्य आफ्रिकेत आली आणि गुरांसोबत सहाराभर पसरली. सहारा सुकत गेला तशी माणसं आणि कळप दक्षिणेकडे सरकले. पूर्व आफ्रिकेतले पहिले गुराखी दिसतात ते तुर्कानाच्या काठी, सुमारे ५,००० वर्षांपूर्वी. त्यांच्यामागोमाग दिसतात ती ही स्मशानं. एक नाही, निदान सहा माहीत आहेत. पूर्वेच्या काठावरचं जारिगोले १९८०च्या दशकात खणलं गेलं. लोथागमच्या उत्तरेकडचं हे सर्वांत नीट अभ्यासलेलं. एलिझाबेथ हिल्डब्रँड, कॅथरीन ग्रिलो, एलिझाबेथ सॉचक आणि केनियातले इमॅन्युएल एन्डिएमा, प्युरिटी किउरा अशा मोठ्या चमूचा अहवाल २०१८ मध्ये आला.

आता बांधकाम. लोक ‘दगडी स्मशान’ ऐकतात आणि पिरॅमिडसारखं काही मनात आणतात, म्हणून क्रम सांगते. आधी सुमारे ३० मीटर व्यासाचा गोल ओटा आखला आणि त्याची कड दगडांनी बांधली. ओट्याच्या मधोमध जुन्या किनाऱ्याची वाळू उपसून जवळपास १२० चौरस मीटरचा खड्डा केला, थेट खालच्या खडकापर्यंत. दोन ऐसपैस वर्गखोल्यांएवढी जागा. वाळूच्या कडा ढासळतात हे ज्यांनी कधी चर खणलाय त्यांना माहीत असतं. यांनाही ते माहीत होतं, कारण कडेला वालुकाश्माच्या लाद्या लावलेल्या आहेत. खालच्या मऊ खडकातही खड्डे कोरून पहिली माणसं पुरली. मग त्यांच्यावर, शेजारी, मध्ये, अशी शतकानुशतकं भर पडत गेली. खड्डा भरल्यावर वरून दगडगोट्यांचा थर दाबून बसवला, त्यावर मोठे दगड आणि बेसाल्टचे खांब उभे केले. त्यातले काही दगड किलोमीटरभर अंतरावरून आणलेले. ओट्याच्या पूर्वेला नऊ दगडी वर्तुळं आणि सहा राशी.

यात एकही गोष्ट अशी नाही जी वीस-तीस धट्ट्याकट्ट्या माणसांना जमणार नाही. अवघड होतं ते दुसरंच. खड्डा खणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो भरणार नव्हता. ज्यांनी पहिली लादी लावली त्यांच्या खापरपणतवंडांनीसुद्धा शेवटचा गोटा पाहिला नाही. तरी पिढ्यांमागून पिढ्या लोक त्याच जागी आले, त्याच चौकटीत आपली माणसं ठेवत गेले आणि शेवटी कुणीतरी ठरवलं की आता झाकायचं. राजाचा हुकूम एका राजाच्या हयातीपुरता असतो. सातशे वर्षं टिकते ती रीत.

आता मोजणी. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं लांबेल.

दाटीवाटीने पुरलेल्या जागी सांगाडे तुम्हाला चित्रातल्यासारखे सरळ झोपलेले मिळत नाहीत. लोथागमला बरेच जण घट्ट मुटकुळं करून ठेवलेले. नंतरच्या दफनाने आधीचं विस्कटलेलं. काही हाडं बाहेरून आणून ठेवलेली असावीत अशीही. अशा ढिगात माणसं मोजायची तर एकाच बाजूचं एकच हाड धरून मोजतात. डाव्या मांडीची हाडं बारा मिळाली, तर माणसं किमान बारा. उजव्या दंडाची पंधरा मिळाली, तर किमान पंधरा. याला किमान व्यक्तिसंख्या म्हणतात. माझ्या पहिल्या हंगामात दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातून बदलल्या होत्या आणि एका लहान मुलाला दोन उजव्या मांड्या झाल्या होत्या. अख्खा आठवडा मी एकाऐवजी दोन मुलं लिहून बसले होते. तेव्हापासून आकडा दिसला की आधी तो कसा काढला ते पाहते.

लोथागमचंच एक सुंदर उदाहरण आहे. तिथे एका माणसाच्या डोक्यावरच्या साजात जर्बिलचे ४०५ पुढचे दात मिळाले. जर्बिल म्हणजे माळावर बिळं करून राहणारा लांब शेपटीचा उंदीर. अहवालात म्हटलंय, हे किमान ११३ जर्बिलांचे दात. उंदराला असे पुढचे दात चार : वर दोन, खाली दोन. म्हणजे साध्या भागाकाराने १०२ उंदीर पुरायला हवेत. मग ११३ का? कारण चारी जागांचे दात सारख्या संख्येने वापरले गेलेले नसतात. ज्या जागेचे सर्वांत जास्त भरतात तो आकडा धरायचा. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्या. शंभराहून जास्त चपळ उंदीर पकडायचे, त्यांचे नखाएवढे दात काढून ओवायचे आणि मग तो सगळा ऐवज एका मेलेल्या माणसाबरोबर मातीत घालायचा, हे त्या गणितातून आपोआप पोचतं.

मात्र ५८० हा आकडा असा निघालेला नाही, आणि हे बहुतेक बातम्यांतून निसटलंय. खड्ड्याचा लहानसाच भाग खणला गेला. बाकीचा आकार जमिनीत रडारच्या लहरी सोडून, त्यांचे प्रतिध्वनी वाचून काढला. खणलेल्या भागातली दाटी पूर्ण खड्ड्याला लावली आणि हात आखडता घेऊन अंदाज केला, तेव्हा ५८० आले. म्हणजे चौरस मीटरला जवळपास पाच माणसं. हा अंदाज मला पटतो. दाटीचे नमुने वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत आणि आकडा मुद्दाम कमी धरलाय. पण तो अंदाजच आहे, हजेरीपट नाही.

आता हाच आकडा कालावधीने भागून बघा. स्मशान वापरात होतं साधारण ५,००० ते ४,३०० वर्षांपूर्वी. सातशे वर्षं धरली तर वर्षाला एक माणूससुद्धा पडत नाही. जुन्या काळात हजारी तीस-चाळीस माणसं दरवर्षी दगावत, असं धरतात. त्या हिशेबाने वर्षाला एकापेक्षा कमी मृत्यू होणारा समाज किती मोठा? जेमतेम पंचवीस माणसांचा. एक वाडा, म्हणजे कळपासोबत राहणाऱ्या कुटुंबांचा एक तळ, फार तर दोन. खरा आकडा ५८०च्या दुप्पट निघाला तरी पन्नास.

पंचवीस माणसांच्या एका टोळीने सातशे वर्षं तग धरून, बाहेरच्या कुणालाही न घेता हे केलं, असं मला वाटत नाही. तुर्कानाकाठी त्याहून कितीतरी जास्त लोक राहत असणार. मग उरतं काय? एक तर वेगवेगळ्या वाड्यांनी वेगवेगळी स्मशानं वाटून घेतली. किंवा सगळ्यांना इथे आणतच नव्हते. बरेच जण जिथे गेले तिथेच मातीआड झाले आणि काहींचीच पाळी इथे लागली. कदाचित दोन्ही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच अडतं. समानता कशावरून म्हणतात ते आधी सांगते, कारण पुरावा खरोखर चांगला आहे. खणलेल्या भागात पुरुष आहेत, बायका आहेत, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयाचे आहेत. कुणाला मध्यभाग दिलाय आणि कुणाला कडेला ढकललंय, असं नाही. आणि जवळपास प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी आहे : शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी, पाणघोड्याच्या दाताची कडी, हिरवट निळा ॲमेझोनाइट, लालसर कॅल्सेडनी अशा रंगीत दगडांचे मणी. मुलांच्याही. साज सारखा नाही, ज्याचा त्याचा वेगळा; पण एकाकडे ढीग आणि बाकीचे रिकामे, असं चित्र नाही. जर्बिलच्या दातांचा मालकसुद्धा बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या दगडी पेटीत वगैरे नाही. तो त्याच गर्दीत आहे.

याउलट चित्र कसं दिसतं? आपल्याच इनामगावचं बघा, घोड नदीकाठच्या तीन हजार वर्षांहून जुन्या गावाचं. तिथे मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आहेत, मुलं दोन कुंभांत. बहुतेक दफनं या साच्यातली. पण एका वेगळ्याच घरात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसवलेला मिळाला, पाय न तोडता. त्यावरून तिथे गावप्रमुख होता, असं मांडलं गेलं. साचा ठरलेला असेल तर त्याला अपवाद कुणाचा, हे बघायचं, पद्धत ती. आणि आफ्रिकेतलंच हवं असेल तर सुदानमधलं केर्मा आहे. लोथागमनंतर काही शतकांनी तिथल्या एकेका थडग्यापुढे गुरांची मुंडकी रांगेने मांडलेली आहेत, एकापुढे तर चार हजारांच्या वर. नंतरच्या राजांच्या थडग्यांत सोबत मारलेली माणसंही. म्हणजे गुरं पाळणाऱ्यांत सरदार होतच नाहीत, अशातला भाग नाही. झाले की हाडांत ते लपत नाही.

लोथागमला तसं काही दिसत नाही. इथवर मी चमूशी सहमत आहे, आणि त्यांनीही अहवालात जपूनच लिहिलंय : दफनाची जागा आणि साज यांवरून श्रेणी सूचित होत नाही, इतकंच. बातमीत त्याचं ‘समतावादी समाज’ झालं. माझा आक्षेप त्या उडीला आहे. पंचवीस माणसांच्या हिशेबातून दिसतं की या दारातून आत कोण येणार, हे कदाचित दाराबाहेर ठरत होतं. आत आलेले सारखे, एवढं हाडं सांगतात. न आलेले कुठे आहेत, त्यांची हाडं मिळाली तरच पुढे बोलता येईल. शिवाय मरणातली समानता ही कधीकधी ठरवून केलेली असते. आपल्याकडे तिरडीवर सावकार आणि कूळ सारख्याच पांढऱ्या कापडात जातात. त्यावरून कुणी आपल्या गावचा सातबारा लिहायला बसलं तर काय होईल?

मग बांधलं का? यावर मला सगळ्यात पटणारं उत्तर जनावरांकडून येतं. नव्या मुलखात कळप घेऊन येणं म्हणजे मोठा जुगार. चारा कुठे, पाणी कुठे, कुठल्या रानात गेलं की गुरं मरतात, हे अजून कुणालाच माहीत नाही. पूर्व आफ्रिकेत विल्डबीस्ट या रानटी, कळपाने फिरणाऱ्या जनावराच्या संसर्गातून गुरांना जीवघेणा ताप होतो, रोग पसरवणारी त्सेत्से माशी वेगळीच. तुर्कानाच्या दक्षिणेला गुरं नीट पसरायला पुढे हजार-दीड हजार वर्षं लागली, त्याचं एक कारण हे मानतात. अशा वेळी गुराख्याचा विमा म्हणजे दुसरा गुराखी : माझ्या चार गाई तुझ्याकडे, तुझ्या चार माझ्याकडे, दुष्काळ पडला तर सोयरीक उपयोगाला येईल. त्यासाठी विखुरलेली माणसं कधीतरी एका जागी भेटावी लागतात. सरोवर सरकतंय, कुरणं सरकतायत, अशा मुलखात न सरकणारी एक जागा हवी. आपले पुरलेले लोक सरकत नाहीत.

धनगर समाजात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आठ महिने मेंढरांमागे कोकणात-देशावर विखुरलेले वाडे पट्टणकोडोलीच्या यात्रेला एका जागी येतात. देवाचं होतं, तसं लग्नाचं, देण्याघेण्याचं, भांडण मिटवण्याचंही होतं. हा पुरावा नव्हे, बरं का. दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि वर्गात तो जोडूही नका. फिरस्त्यांना पक्क्या जागेची गरज जास्त असते, हे कळायला मदत होते म्हणून सांगितलं.

खांब आणि तारे. ही गोष्ट लोथागमची नाही, जवळच्या कालोकोलची; तुम्ही वाचलेल्या लेखात दोन्ही एक झालीत. तिथे १९ खांब आहेत. १९७८ मध्ये लिंच आणि रॉबिन्स या दोघांनी मांडलं, की त्यांच्या रांगा बोराना या इथिओपिया-केनियातल्या गुराखी लोकांच्या पंचांगातल्या तारकांच्या उदयाकडे रोखलेल्या आहेत आणि जागा इसवी सनपूर्व ३००च्या सुमाराची. कल्पना देखणी होती, म्हणून अजून फिरते. नंतर दुसऱ्यांनी मापं घेतली तेव्हा कोन तसे जुळले नाहीत. त्या बेसाल्टमध्ये चुंबकत्व आहे, खांबाजवळ होकायंत्र धरलं की सुई भरकटते. आणि मोठा घाव बसला तो काळाने : ही जागाही तुर्कानाकाठच्या बाकीच्या खांबांच्या जागांच्याच वेळची, ४,००० वर्षांहून जुनी निघाली. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्याने ताऱ्यांच्या जागा सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात. इसवी सनपूर्व ३००चं आकाश धरून बसवलेल्या रेषा दोन हजार वर्षं मागे नेल्या की बिघडतात. शिवाय १९ खांबांतून दोन-दोनच्या जोड्या १७१ होतात. आकाशात तारे भरपूर. काही ना काही जुळणारच. मी ‘वेधशाळा’ शिकवणार नाही.

आजच्या तुर्काना लोकांनी त्या जागेला दिलेलं नाव नामोरातुंगा, म्हणजे दगडाची माणसं. नाचणारे लोक शापाने दगड झाले, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे नवरा-नवरीचे सुळके आहेत, वऱ्हाडासकट दगड झालेले. त्याच जातीची गोष्ट. तुर्काना त्या भागात आले ते गेल्या काही शतकांत, तेव्हा हे त्यांचे पूर्वज असं सरळ म्हणता येत नाही. पण कालोकोलला येणारी-जाणारी माणसं खांबांवर गोटा ठेवतात, ती रीत चालू आहे.

कालमापनाबद्दल ओझरतं विचारलंत. त्या उष्णतेत हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन बहुधा टिकत नाही, म्हणून हाडाचं थेट कार्बन मापन अडचणीचं. कोळसा आणि शहामृगाच्या अंड्याची कवची जास्त भरवशाची, आणि कवचीचे मणी तर मृताच्या अंगावरच असतात. डीएनएचंही तेच : अशा उष्ण जागी मिळाला तर आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडातून.

राहिलेला खड्डा न खणता तसाच ठेवलाय. उद्या कुणी ५८०च्या जागी ७०० किंवा ४५० म्हटलं तर दचकू नका. त्यांनी किती चौरस मीटर खणले आणि कुठल्या हाडाची मोजणी धरली, एवढं विचारा.